प्राचीन इजिप्तच्या संदर्भात ताईत, गंडा की रक्षामणी?

प्रश्न : इजिप्शियन ममीसोबत मिळणाऱ्या 'ॲम्युलेट'ना, म्हणजे अंगावर बांधायच्या रक्षक वस्तूंना, मराठीत सरसकट 'ताईत' लिहिलं जातं. ते योग्य आहे का? आणि 'स्कॅरब'ला, म्हणजे किड्याच्या आकाराच्या ॲम्युलेटला, 'भुंगा' म्हणावं का?

उत्तर १ : ताईत म्हटला की आत काहीतरी असतं. मंत्र किंवा यंत्र लिहिलेला कागद, भूर्जपत्र, आणि बाहेर धातूची पेटी किंवा नळी. इजिप्तच्या बहुतेक वस्तू भरीव आहेत. त्यांची शक्ती आकारात, रंगात आणि दगडाच्या जातीत मानली जाई. मृतांच्या ग्रंथात ('बुक ऑफ द डेड', मृतासोबत ठेवायच्या मंत्रांचा संग्रह) याच्या सूचना नेमक्या आहेत. अध्याय १५५ प्रमाणे जेद स्तंभ, म्हणजे मृतांचा देव ओसायरिस याचा कणा, सोन्याचा हवा. अध्याय १५६ प्रमाणे इसिस देवीची गाठ, त्येत, तांबड्या जास्परची हवी. दोन्ही उंबराच्या जातीच्या झाडाच्या सालीच्या दोऱ्यात ओवून मृताच्या गळ्याशी ठेवायचे. यांना 'रक्षामणी' म्हणावं. अथर्ववेदात जंगिडमणी, शंखमणी आहेतच. तिथेही 'मणी' म्हणजे बांधायची रक्षक वस्तू.

उत्तर २ : मणी मान्य. पण 'ताईत' पूर्ण हद्दपार करू नका. २१व्या-२२व्या राजवंशाच्या काळात पपायरसच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या) लांब, अरुंद पट्ट्यांवर देवांचा कौल लिहून घेत, गुंडाळी करून ती नळीत घालत आणि मुलाच्या गळ्यात बांधत. 'साप-विंचवापासून, भिंत कोसळण्यापासून आम्ही याला राखू' अशी देवांची हमी त्यात असे. हा शब्दशः ताईत! तसंच मंत्र म्हणत दोऱ्याला सात गाठी मारून बांधत, त्याला 'गंडा' हाच शब्द. तिन्ही शब्द वेगळे ठेवले तर वस्तूही वेगळ्या कळतात.

शंका : त्यांच्या भाषेत एकच शब्द होता का?

उत्तर १ : नाही. 'सा' आणि 'मेकेत' यांचा अर्थ रक्षण. 'वेजा'चा अर्थ धडधाकट, अभंग. होरस देवाच्या डोळ्याचं नाव 'वेजत' याच धातूतून आलं. त्याचा शत्रू सेथ याने इजा केलेला डोळा थोथ देवाने पुन्हा सांधला, म्हणून तो 'अभंग झालेला'. त्याला 'दृष्ट लागू नये म्हणूनचा डोळा' असं समजावून सांगतात, आणि त्यात भर जाते नजरेवर. मूळ कल्पना मोडलेलं सांधलं जाण्याची आहे.

उत्तर ३ : 'भुंगा' नको. मराठीत भुंगा आला की कमळ आणि मध मागोमाग येतात. हा किडा शेणाचे गोळे ढकलत नेतो. इजिप्तला त्यात सूर्याचा गोळा ढकलणारा सूर्यदेव खेप्री दिसला. 'शेणकिडा' किंवा 'शेणभुंगेरा' म्हणा. शिवाय 'खेपेर' या क्रियापदाचा, म्हणजे 'अस्तित्वात येणे' याचा, चिन्हलेखही हाच किडा. ममीच्या छातीवर ठेवायच्या 'हार्ट स्कॅरब'ला 'हृदय-शेणकिडा' लिहिताना एक वाक्य जोडाच, नाहीतर वाचकाला तो हृदयरोगावरचा उपाय वाटतो. त्याच्या सपाट तळावर मृतांच्या ग्रंथाचा अध्याय ३०-ब कोरत. त्यात मृत माणूस आपल्याच हृदयाला विनवतो, की मृत्यूनंतरच्या न्यायात, हृदय तोलणाऱ्या तराजूपुढे माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. दगड हिरवा हवा, असं ग्रंथ सांगतो. काही नगांवर नावाची जागा कोरी आहे. ते तयार विकत घ्यायचे, नाव नंतर कोरायचं.

उत्तर २ : संग्रहालयातल्या पाट्यांवरची आणखी एक चूक म्हणजे फायन्सला, म्हणजे यातल्या अनेक वस्तू ज्याच्या केल्या आहेत त्या निळ्या-हिरव्या झिलईदार पदार्थाला, 'चिनी माती' लिहिणं. त्यात मुख्यतः गारगोटीची बारीक पूड असते. सोबत थोडा चुना, नेट्रॉन (नैसर्गिक सोडा) किंवा राखेतला क्षार आणि रंगासाठी तांबं. लगदा साच्यात दाबून वाळवताना क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो आणि भट्टीत त्याचीच निळी-हिरवी काच होते. वाळताना हात लागून तो थर निघाला, की तिथे झिलई धरत नाही आणि डाग खरखरीत राहतो. इजिप्शियन नाव 'चेहनेत', म्हणजे चकाकणारं. मराठीत 'झिलईदार फायन्स' पुरे.