पावसात बेट होणाऱ्या गावांत म्हाताऱ्यांची पेन्शन : मोबाईल की ठरल्या वाराला माणूस?

जांबोटीकर
खानापूर तालुक्यात भीमगड जंगलातली आमगाव, कृष्णापूर, गवळी ही गावं जुलैत बेटासारखी तुटतात. साकव पाण्याखाली, लाईट नाही, थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही संपते. संध्या सुरक्षेचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या म्हातारपणच्या पेन्शनचे, १२०० रुपये खात्यात पडतात, पण ते काढायला बँक कुठाय? वृद्धांना ॲप शिकवायचं थांबवा. महिन्यातून एक ठरलेला वार, बँकेच्या वतीने रोकड देणारा एक माणूस, एक पेटी एवढं द्या. पेटीत फोन, ठशाचं यंत्र (बोट लावलं की आधारला जोडलेल्या खात्यातून पैसे काढता येतात), दोन कंपन्यांची सिम, पावतीचा छोटा प्रिंटर आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक. तिच्यातून ५,००० एमएएचचा फोन अडीचदाच भरतो, तिसरा हिस्सा वाटेतच जातो. तेवढ्यात दिवस निघतो.

माजी सैनिक, बेळगाव
पटत नाही. जन्मभर रोप लावलेल्या, विळा धरलेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत, तुमचं यंत्र तिथेच अडणार. सरकारी नोकरीच्या पेन्शनचा हयातीचा दाखला तर चेहऱ्याने घरच्या फोनवर होतो : आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण, ही दोन ॲप. खिडकी तोंडासमोर हवी, पाठीमागे असली की चेहरा काळा येतो. चष्मा काढायचा, सांगितलं की डोळे मिटून उघडायचे. ८० च्या पुढच्या केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. नातवाच्या फोनवर फुकट होणाऱ्या कामाला माणूस कशाला?

जांबोटीकर
अहो, दाखला वर्षातून एकदा, तोही पाऊस सरल्यावर. रोकड दर महिन्याला लागते, ती फोनमधून बाहेर येत नाही. ठसा लागत नसेल तर आधी यंत्राची काच पुसा. बोट कोमट पाण्याने धुवा, टिपून किंचित ओलसर ठेवा, मग दाही बोटं लावून बघा. पुष्कळांचं अनामिकेवर जमतं, ती कमी झिजलेली असते. तरीही नाही झालं तर आधार केंद्रात ठसे नव्याने द्यायचे, आणि ते मे महिन्यातच.

खानापूर, बचत गट
दोघांचंही एक सुटतंय. "सर्व्हर डाऊन हाय, परत दाबा आजी" म्हणून पैसे देणारे काहीजण दोनदा ठसा घेतात आणि दोनदा पैसे काढतात. आजीला कळणार कसं? मेसेज कन्नड नाहीतर इंग्रजीत, आणि नंबर पुण्यातल्या लेकाचा. प्रत्येक दाबण्याला पावती हवी, फसलेल्या दाबण्यालाही. खात्यातून वजा झाले आणि हातात आले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाने पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. पावतीच नसेल तर भांडणार कशावर?
दुसरं, पेन्शन आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. सिम घेताना कुणी नवं खातं उघडून दिलं असेल तर जुनं पासबुक कोरंच राहतं. आधारच्या साईटवर कुठली बँक जोडलीय ते दिसतं, पण ओटीपी त्या लेकाकडेच जातो. म्हणून आधी आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलून घ्या.

माजी सैनिक, बेळगाव
पावतीचं मान्य. पण जांबोटीकर, पेटीवाला येऊनही रेंज नसेल तर? ठसा त्याच क्षणी आधारच्या सर्व्हरशी जुळावा लागतो, साठवून नंतर पाठवता येत नाही.

जांबोटीकर
बरोबर आहे, त्याला पेटीत भर घालावी लागेल. शाळेच्या छपरावर २० फुटी बांबू, त्यावर जवळच्या टॉवरकडे तोंड केलेला ॲन्टेना, खाली ४जी राऊटर. केबल १० मीटरच्या आत हवी, लांबली की सिग्नल तिच्यातच गळतो. सांध्यावर रबरी टेप नसेल तर पहिल्याच पावसात पाणी शिरतं. आभाळ भरून आलं की विजा चमकण्याआधीच केबल सोडवून ठेवायची, नाहीतर राऊटर जळतो. टॉवरच बंद असेल त्या दिवशी यातलं काहीच चालत नाही. म्हणून जून-जुलैची रोकड आणि बीपी-शुगरच्या दोन महिन्यांच्या गोळ्या मिरगाआधी घरात हव्यात. गोळ्यांचं आशाताईंशी आत्ताच बोलून ठेवा.