कायपर पट्ट्यावर पीएचडी करून पुढे काय?

चष्मेबद्दूर: माझी भाची फिजिक्समध्ये एमएस्सी करतेय, आता म्हणतेय नेपच्यूनच्या पलीकडचे बर्फाळ गोळे शोधणार (त्यांच्या पट्ट्यालाच कायपर पट्टा म्हणतात), त्यातच पीएचडी. घरात नुसता गोंधळ चाललाय. भाऊजी म्हणतात पाच वर्षं दुर्बिणीला डोळा लावून काहीच सापडलं नाही तर? मलाही उत्तर देता येईना. या फील्डमध्ये पोट भरतं का कुणाचं?

रात्रपाळी: भाऊजींचा प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण हे गोळे शोधणारे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांचं नेमकं तेच झालं होतं. लू म्हणजे १९७५ ला व्हिएतनाममधलं सायगाव पडल्यावर घरच्यांबरोबर अमेरिकेला पळालेली मुलगी, एमआयटीत ज्युइटची विद्यार्थिनी. ८६-८७ च्या सुमारास शोध सुरू केला, हाती शून्य, दुर्बिणीचा वेळ मागायचे तर अर्ज नापास. मग दुसऱ्या कामासाठी मिळालेल्या रात्रींतूनच थोडा वेळ काढायचे, हे खरं गुपित! पेपर धूमकेतूंवर, लघुग्रहांवर निघत राहिले म्हणून गाडी चालली. शेवटी ३० ऑगस्ट १९९२ ला हवाईत मौना केआ डोंगरावरून, प्लूटो सोडला तर, असा पहिला गोळा सापडला. आणि दुर्बीण किती, तर २.२ मीटर, म्हणजे आपल्या जुन्नरजवळच्या गिरवलीला आयुकाची (पुण्याची खगोलशास्त्र संस्था) आहे तिच्यापेक्षा जेमतेम मोठी.

चष्मेबद्दूर: पण ठिपका बघून तो इतका लांबचा आहे हे कळतं कसं?

रात्रपाळी: एसटीच्या खिडकीतून बघ, जवळचे खांब भर्रकन मागे जातात आणि लांबचा डोंगर हलता हलत नाही. आपली एसटी म्हणजे पृथ्वी. एकाच जागेचे काही वेळाच्या अंतराने फोटो काढायचे आणि आलटूनपालटून बघायचे, तारे जागेवर राहतात, एखादा ठिपका सरकतो. ९२ चा हा ठिपका तासाला साधारण ३ आर्क सेकंद (एक आर्क सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकत होता, लघुग्रह याच्या कितीतरी पट जोरात पळतात.

कुंपणावरचा: जिंकलेल्यांच्याच गोष्टी सांगता राव. टॉम्बॉने १९३० ला प्लूटो शोधला, त्यानंतर १३ वर्षं आकाश पालथं घातलं, दुसरा ग्रह काही सापडला नाही. आणि लू बाईंचं पुढचंही सांगा की, नेदरलँड्समधल्या लायडनची पक्की प्रोफेसरकी सोडून एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये उपकरणांवर काम करायला गेल्या.

रात्रपाळी: हो, पण स्वतःहून गेल्या, आणि २०१२ ला शॉ आणि कावली ही खगोलशास्त्रातली दोन्ही मोठी बक्षिसं मिळाली तेव्हा त्या तिथेच होत्या. मला तर हे भाऊजींना सांगण्यासारखं वाटतं, हात डिटेक्टरवर आणि कोडवर बसला की खगोलशास्त्राबाहेरही नोकरी मिळते. आता चिलीत रुबिन वेधशाळा सुरू झालीय, ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, त्यातून ठिपके काय डोळ्यांनी शोधणार? ते काम कोडचं, भाचीला पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) येतं का ते आधी विचार.

चष्मेबद्दूर: पायथन येतं म्हणे. तिने वर एक माहिती पुरवली, त्या पहिल्या गोळ्याला ते दोघं ‘स्मायली’ म्हणायचे पण त्या नावाचा लघुग्रह आधीच होता, मग २०१८ पर्यंत नुसता नंबर, आणि शेवटी नाव मिळालं ॲल्बियन. भाऊजी म्हणाले, बारसं व्हायला २६ वर्षं, लग्नाचं काय मग.