दिनारियसमधली चांदी गेली कुठे?

प्रश्न: रोमच्या पडझडीचं खापर बरेच जण दिनारियस या रोमन चांदीच्या नाण्यातल्या भेसळीवर फोडतात. चांदी नेमकी कधी कमी झाली? लोकांच्या लक्षात आलं नाही का?

उत्तर १: हे एका झटक्यात झालं नाही. पहिला सम्राट ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंडातून (सुमारे ३२५ ग्रॅम) साधारण ८४ नाणी पाडत, चांदी जवळपास शुद्ध. इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने ती ९६ वर नेली, तांबंही वाढवलं. सेप्टिमियस सेव्हेरसने सैनिकांचा पगार वाढवला आणि चांदी निम्म्यावर आली. २१५ मध्ये काराकालाने नवं नाणं काढलं, त्याची किंमत दोन दिनारियस मानली जाते; चांदी मात्र दीडाचीच. २७० च्या आसपास त्यात पाच टक्केही चांदी उरली नव्हती.

उत्तर २: लक्षात आलं होतं! म्हणून तर लोकांनी जुनी नाणी पुरून ठेवली आणि नवी तेवढी बाजारात फिरवली. टाकसाळीत नाण्याची कोरी चकती आम्लात बुडवायचे. वरचं तांबं विरघळून चांदीचा पातळ थर दिसायचा. वापरात सम्राटाचं नाक, गाल हे उंचवटे आधी झिजतात आणि तिथेच तांबूस रंग उघडा पडतो.

उत्तर ३: तरी पश्चिम रोमन साम्राज्याच्या अंताचं (इ.स. ४७६) कारण हे नव्हे. सम्राट कॉन्स्टंटाइनचं सोन्याचं नाणं सॉलिडस, पौंडाला ७२, हे ४७६ मध्येही चोखच होतं. खरा घाव ४३९ चा: व्हँडल या जर्मानिक टोळीने उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर घेतलं, आफ्रिकेचा कर आणि धान्य गेलं. मग सैन्य पोसणार कशावर?