'लाभार्थी मुली' मोजायच्या कशा?

हिशेबनीस: मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेचा वार्षिक अहवाल उघडा, पहिल्याच पानावर 'इतक्या लाख मुलींपर्यंत पोहोचलो'. शिबिराच्या हजेरीपटावर सही केली की झाली लाभार्थी. तीच मुलगी सायकलवाटपात आणि आरोग्य तपासणीत दिसली की तीन लाभार्थी. 'एज्युकेट गर्ल्स' या संस्थेचा राजस्थानातल्या भिलवाडा जिल्ह्यातला २०१५ ते २०१८चा प्रकल्प बघा. ७ ते १४ वयाच्या शाळाबाह्य मुलींची आधी यादी केली, ८३७. त्यातल्या ७६८ पटावर आल्या. छेद दिला आहे, म्हणून ९२ टक्क्यांना अर्थ. शिकण्याची मोजणी त्रयस्थांनी केली, कार्यक्रम नसलेल्या शाळांशी तुलना करून. प्रकल्पाला आधी पैसे पुरवणाऱ्या गुंतवणूकदाराला ते परत मिळणार तेही निकालावर: ८० टक्के भार शिकण्याला, २० पटनोंदणीला. सगळ्यांना हीच सक्ती हवी.

रानजाई: असहमत. त्याच प्रकल्पात दोन वर्षं संपली तेव्हा शिकण्याचं उद्दिष्ट निम्म्याच्या आसपास होतं, तिसऱ्या वर्षाअखेर १६० टक्के. वर्षाच्या आकड्यावर निधी ठरला असता तर मधेच गुंडाळलं असतं. शिवाय ज्याला ८० टक्के भार, ती चाचणी तिसरी ते पाचवीच्या मुलामुलींची, दोघांचीही. मग समानता कुठे मोजली? चौदा ओलांडलेली, स्थळं येऊ लागलेली मुलगी तर यादीतच नाही.

हिशेबनीस: करार तीन वर्षांचा होता, मोजणी दरवर्षी. निम्म्यावर अडकलोय हे कळलं म्हणूनच शिकवण्याची पद्धत बदलता आली ना! यादीबद्दलचा मुद्दा मान्य.

पाटाचं_पाणी: त्या वयाचा आपल्याकडचा आकडा म्हणजे 'रोखलेले बालविवाह'. १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर फोन येतो, ग्रामसेवक (खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच) पोलिसांसह मांडवात पोहोचतो, आईवडील हमीपत्र देतात, मुलगी बालकल्याण समितीपुढे जाते. अहवालात एक वाढला. पुढे मामाच्या गावी गुपचूप हळद लागली, तर तो एक वजा कोण करतं? हमीपत्रावर दाखल्यावरची जन्मतारीख हवी आणि नोंदवहीत अठरा पूर्ण होण्याची तारीख. तोवर दर तीन महिन्यांनी शाळेतली हजेरी बघायची, अंगणवाडी सेविकेला विचारायचं. हजेरी तुटली की त्याच आठवड्यात घरी जायचं. अठरा झाल्यावरच 'रोखला' लिहा, तोवर 'पुढे ढकलला'.

रानजाई: नोंदवही उत्तम, पण पंधराच्या मुलीमागे तीन वर्षं फिरायचं आणि देणगी बारा महिन्यांची. परदेशी निधी असेल तर त्याच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आधी ५० होता. गाडी चालवण्याचा आणि अहवाल लिहिण्याचा खर्च नियमाने प्रशासकीयच धरतात. म्हणजे घरी जाऊन खात्री करणं महाग आणि सतरंजीवर पन्नास सह्या घेणं स्वस्त. संस्था काय निवडतील?

हिशेबनीस: मग देणगीदाराकडे तीन वर्षांचा करार मागा. तो मिळेपर्यंत निदान एकाच मुलीला तीनदा मोजू नका, त्याला गाडी लागत नाही.