एआय आणि नोकऱ्या: 'कायदा नको' म्हणणाऱ्यांना

निशिगंध:
'एआयवर कायदे आणाल तर पुण्याची आयटी बाहेर जाईल, मेहनती माणसाला कसली भीती?' असं काल इथे कुणी लिहिलं. तेव्हापासून डोकं तापलंय.

माझी वहिनी खराडीत कॉल सेंटरला आहे. तिचा आवाज 'उत्साही' आहे की नाही, ते सॉफ्टवेअर ठरवतं. पावसाळ्यात आठवडाभर घसा बसला, ७८ गुणांचे ५१ झाले, इन्सेंटिव्ह गेला. टीम लीडर म्हणे, "सिस्टिमने दिलेत, मी काय करू?" आता दाद मागायची कुणाकडे? युरोपात कामाच्या जागी मशीनने भावना ओळखायला फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, अपवाद फक्त उपचार आणि सुरक्षेचा.

भोसरीकर:
ताई, वहिनींवर अन्याय झाला, मान्य. पण कायदा म्हणजे नवा इन्स्पेक्टर, नवं रजिस्टर. माझं सव्वीस माणसांचं वर्कशॉप आहे. जॉबमधले, म्हणजे आम्ही बनवतो त्या सुट्या भागांतले, क्रॅक एआयचा कॅमेरा पकडतो, रिजेक्शन घटलं, माणूस एकही काढला नाही. त्यालाही परवानगी काढू? युनियनने बँकांत कॉम्प्युटर अडवले, आणि पासबुक भरायला आमचे बाबा अर्धा दिवस रांगेत!

निवृत्त_कॅशियर:
अडवले नाहीत, अटी घातल्या! १९८३ ला आयबीए, म्हणजे बँकांची संघटना, आणि युनियनचा करार झाला, १९८७ ला पुन्हा. यंत्र कुठे आणि किती, ते समोरासमोर बसून ठरलं. मी चाळिशीत लेजर सोडून कीबोर्ड शिकलो.

भोसरीकर:
शिकलात, पण 'लंच टाइम'ची पाटी काही हलली नाही.

निवृत्त_कॅशियर:
पाटीचं बोलू नका! पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत रात्री दहा-दहापर्यंत बॅलन्स जुळवलाय आम्ही. तुम्हाला फक्त खिडकी दिसली.

निशिगंध:
बँका पुरे झाल्या हो! नोकरकपातीला सरकारची परवानगी लागते ती कारखाने, खाणी आणि मळ्यांना. आयटीच्या ऑफिसला ती कधीच लागू नव्हती. नव्या औद्योगिक संबंध संहितेने तर १०० कामगारांची मर्यादाही ३०० वर नेली. मग 'नवा कायदा नको' कसं म्हणता?

भोसरीकर:
हे ठाऊक नव्हतं. बरं, गुण कशावरून दिले ते लेखी मिळावं, तक्रार ऐकायला माणूस असावा. एवढं घाला कायद्यात. माझ्या कॅमेऱ्याला हात लावू नका.

निशिगंध:
जॉबवरच्या कॅमेऱ्याला कोण हात लावतंय? माणसावर रोखलेल्याबद्दल बोलतेय मी. ते ५१ कुठून आले, हे वहिनीला अजून कुणी सांगितलेलं नाही.