बँटम कोंबडा तापट जन्मत नाही, आपण त्याला तापट करतो

कृष्णाकाठ:
दिवाळीत आमच्या परसात जे घडलं त्यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतोय.

माझ्याकडे चार जपानी बँटम (अगदी लहान चणीची जात) आहेत, तीन कोंबड्या आणि एक कोंबडा. पांढरं अंग, काळी शेपटी पाठीवरून सरळ डोक्याच्याही वर गेलेली, पाय इतके आखूड की पोट जमिनीला टेकतंय असं वाटावं. कोंबड्याचं नाव लवंग्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशवीत धरून तोलला तर सातशे ग्रॅमच्या आत भरला. भाऊबिजेला बहीण आली. तिचा आठ वर्षांचा मुलगा थेट परसात गेला आणि खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांवरून उचलून निघाला. लवंग्या मागून उडाला आणि दोन्ही पाय पोटरीवर मारले. दोन भोकं, थोडं रक्त. जखम साबणाने धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं. संध्याकाळपर्यंत घरात एकच वाक्य फिरत होतं, "बँटम तापटच असतात, देऊन टाक कुणाला तरी." देऊन टाकायचं म्हणजे त्याचं पुढे काय होणार, हे बोलणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

मला हे पटत नाही. दोन वर्षं मी त्याला रोज बघतोय. कणी टाकली की हा आधी स्वतः खात नाही. दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि घशातून कुकुकुक करत कोंबड्यांना बोलावतो. त्या आल्या की बाजूला होतो. वर घार दिसली तर एक लांब, बारीक किंकाळी आणि चौघे जास्वंदीखाली. मांजर आलं तर आवाज वेगळा, तुटक आणि टकटक, आणि तेव्हा कुणी लपत नाही, सगळे माना उंच करून बघतात. जो प्राणी कोण कुठून येतंय हे आवाजाने वेगळं सांगतो, त्याने खुडूक कोंबडी पळवणाऱ्यावर झेप घेतली तर तो रागीट कसा? तो आपलं काम करत होता.

आणि त्याने आधी सांगितलंही होतं. एक पंख जमिनीला घासत तिरका चालला, मानेची पिसं फुलवली, जमिनीवर चोच मारली पण टिपलं काहीच नाही. आम्ही बघितलं नाही, ही चूक आमची. शेजारच्या मुलांनी महिनाभर त्याला काठीने डिवचलं होतं तीही आमचीच. माझं स्पष्ट मत आहे की बँटमचा स्वभाव माणूस घडवतो.

दोघींची आई:
मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही, आणि हे शांतपणे सांगणं मला जड जातंय.

आमच्याकडे सिल्की (रेशमी पिसांची जात) आणि बँटमच्या मिश्र रक्ताचा कोंबडा होता. कुणी डिवचलं नव्हतं, अंडी उचलली नव्हती. माझी चार वर्षांची मुलगी कपडे वाळत घालताना माझ्यामागे उभी होती. तो उडाला आणि त्याच्या पायाचा काटा तिच्या डोळ्याखाली लागला. पापणीपासून माझ्या नखाएवढं अंतर. आजही तिथे पांढरी रेघ आहे.

"एवढासा कोंबडा काय करणार" म्हणतात ना, तिथेच फसगत होते. लहान अंगाचा म्हणून तो हलका, हलका म्हणून सहज उडतो. मोठा गावठी कोंबडा पोटरीवर येतो, हा मुलाच्या तोंडावर येतो. तुम्ही म्हणता त्याने आधी पंख घासला. चार वर्षांच्या पोरीने ते वाचायचं? त्याच्याकडे कारण असेलही. मुलाच्या डोळ्याला त्याचा काय उपयोग?

कृष्णाकाठ:
डोळ्याचं वाचून अंगावर काटा आला. लहान मूल आणि मोकळा कोंबडा एका अंगणात नकोच, यावर माझा वाद नाही. माझ्या पहिल्या लिखाणात हे यायला हवं होतं. पण मुलाला वेगळं ठेवणं आणि सगळी जात बदनाम करणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

माडाखाली:
कृष्णाकाठ, एक विचारतो. लवंग्याला पिल्लू असल्यापासून हातावर वाढवलंत का?

कृष्णाकाठ:
हो. तीन आठवड्यांचा आणला होता. खांद्यावर बसायचा, तळहातावरची बाजरी खायचा. म्हणून तर म्हणतो की तो मुळात प्रेमळ आहे.

माडाखाली:
मग दुखणं तिथेच आहे. तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, माणूसच घडवतो. पण डिवचून जेवढा बिघडतो, तेवढाच लाडाने बिघडतो.

आमच्या मालवणाकडच्या घरात माझ्या आजीने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. तिने कुठल्याच कोंबड्याला कधी कुरवाळलं नाही आणि लाथही मारली नाही. संध्याकाळी "बा बा बा" करून बोलवायची, डालग्याखाली घालायची, वर दगड. सकाळी डालगं उचललं की कोंबडा तिच्या पायांना वळसा घालून जायचा. त्यांच्यात चार हातांचं अंतर होतं आणि ते दोघंही पाळायचे. हातावर वाढलेल्या कोंबड्याला ते अंतर कळतच नाही. चार-पाच महिन्यांचा झाला, आरवायला लागला, अंगात नराचं रक्त उसळलं की तो माणसाकडे दुसरा कोंबडा म्हणून बघतो. ज्याला माणसाची भीती शिल्लक आहे तो पळून जातो. ज्याला नाही तो अंगावर येतो.

कोंबडीखाली वाढलेल्या पिलाला आणखी एक शिक्षण मिळतं. मस्तीला आलेल्या तरण्या कोंबड्याला जुन्या कोंबड्या टोचून टोचून सरळ करतात. खोक्यात बल्बखाली वाढलेल्याला ते कोण शिकवणार?

मिरजेचा:
सगळे वाढवण्यावर बोलताय, रक्तावर कुणी बोलत नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या असील, म्हणजे झुंजीची म्हणून ओळखली जाणारी जात, आहेत. झुंजी लावत नाही, १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने त्या गुन्हा आहेत आणि मला त्या आवडतही नाहीत. पण असीलाकडून एक शिकण्यासारखं आहे. दुसरा कोंबडा दिसला तर जिवावर उदार होणारा हा पक्षी माणसाच्या हातात गाईसारखा असतो. माझा चार किलोचा कोंबडा माझा सहा वर्षांचा पुतण्या काखेत घेऊन फिरतो. कारण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याला हातात धरला, चोळला, पाजला. जो माणसावर उलटला त्याची पैदास कुणी पुढे नेली नाही. म्हणजे माणसाशी कसं वागायचं हे रक्तात घालता येतं.

आता तुमचा जपानी बँटम घ्या. तो शोभेसाठी जपलेला पक्षी. शेपटी किती ताठ, पाय किती आखूड, तुरा कसा, निवड या गोष्टींवर होते. त्या आखूड पायांचा गुण असा की आई आणि बाप दोघांकडून आला तर पिल्लू कवचातच मरतं. आखूड पायांचं जोडपं लावलं की चारातलं एक अंडं असं जातं. पाळणाऱ्याचं सगळं लक्ष शेपटी-पायांवर, त्यात हा अंगावर येतो म्हणून चांगल्या शेपटीचा कोंबडा कोण बाजूला काढेल? म्हणून घेताना पिल्लू बघू नका, बाप बघा. बापाच्या जाळीत हात घाला. तो मागे सरला तर घ्या.

कृष्णाकाठ:
मिरजेचा, लवंग्याचा सख्खा भाऊ, त्याच अंड्यांच्या खेपेतला, माझ्या मित्राकडे पाचगणीला आहे. दोन वर्षांत कुणाला टोचलेलं नाही. रक्त तेच ना?

मिरजेचा:
एका आईच्या दोन पोरांचा स्वभाव एक असतो का? आणि तुमच्या मित्राकडे एकूण कोंबड्या किती?

कृष्णाकाठ:
अकरा. आणि एक म्हातारा गावठी कोंबडाही आहे.

गुरांचा डॉक्टर:
हे उत्तर महत्त्वाचं आहे. तीन कोंबड्यांवर एक तरणा कोंबडा हे प्रमाण कमी आहे. बँटमला आठ-दहा कोंबड्या असल्या तर त्याची धग वाटली जाते. तीनच असल्या की त्यांच्या पाठीची पिसं उडतात आणि उरलेला जोर माणसावर निघतो. कृष्णाकाठ, तुमच्या कोंबड्यांच्या पाठी बघा. आणि पाचगणीत वर म्हातारा कोंबडा आहे, त्यामुळे धाकट्याला जागा ठरवून मिळालीय. कोंबड्यांतली ही टोचण्याची उतरंड नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की पहाटेसुद्धा आधी वरचा कोंबडा आरवतो आणि मग बाकीचे उतरत्या क्रमाने. लवंग्याच्या वर कुणी नाही. ती मोकळी जागा कुणाची हे तो रोज तपासून बघतो.

शांत कोंबडा अचानक बिघडला तर आधी त्याला रात्री पकडून तपासा. पंखाखाली, शेपटीच्या मुळाशी उवा, पायाच्या खवल्यांखाली खरूज, तळव्याला गळू. दुखणारा प्राणी चिडतो. काट्याचं टोक कानशीने बोथट करता येतं, पण फक्त टोक. आत हाड आणि रक्त असतं, मुळापर्यंत कापायला जाऊ नका.

माडाखालींचं अंतराचं म्हणणं माझ्या अनुभवाशी जुळतं. लाथ मात्र कुणीच मारू नये. लाथ म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही झुंज स्वीकारली.

रिमझिम_सिएटल:
इकडची, अमेरिकेतली बाजू सांगते. आमच्या शहरात २०१० च्या नियमाने घरामागे आठ कोंबड्या ठेवता येतात, कोंबडा मात्र नाही. मोठ्या जातींची पिल्लं नर-मादी बघून विकतात. बँटमची पिल्लं एवढीशी असतात की त्यांच्यात नर-मादी ओळखणं अवघड, म्हणून ती बहुधा तशीच सरसकट विकली जातात. लोक सहा पिल्लं आणतात, मुलं नावं ठेवतात, पाचव्या महिन्यात त्यातली तीन आरवायला लागतात. मग जाहिराती सुरू होतात, "कोंबडा फुकट, चांगलं घर हवं", आणि खाली कारण, "हल्ली अंगावर येतो."

मी असे दोन कोंबडे बघायला गेले होते. एकाच्या खुराड्यात मला उभंही राहता आलं नाही. दुसरा चक्क माझ्या बुटावर येऊन बसला. त्याची मालकीण रडत होती. तो तापट नव्हताच, त्याला ठेवायची परवानगी नव्हती एवढंच. म्हणून दोघींची आई यांना विनंती आहे, तापट शब्द जपून वापरा. तो एकदा चिकटला की त्या पक्ष्याला दुसरं घर मिळत नाही.

दोघींची आई:
ते दुःख मला समजतं. पण माझ्याकडचा तापटच होता आणि मी शब्द मागे घेणार नाही. आम्ही त्याला कापलं नाही, माझ्या मामेसासऱ्यांच्या मळ्यावर नेऊन सोडलं. तिथे चाळीस कोंबड्या आहेत. तिथे तो कुणाच्या अंगावर गेल्याचं ऐकलं नाही. डॉक्टर म्हणतात ते बरोबर असेलही. म्हणून मी तर म्हणेन की अंगण ही त्याची जागाच नाही. तीन कोंबड्या, सात फुटांची जाळी, भोवती मुलं, यात आपण त्याला आपल्या हौसेसाठी ठेवतो.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचं वाचून सहा आठवड्यांनी परत लिहितोय.

शीर्षक मी आज तसं दिलं नसतं. रक्ताचा वाटा असतो हे मिरजेचा यांनी पटवून दिलं, आणि मी ज्याला प्रेम म्हणत होतो त्याचाही वाटा होता हे माडाखाली यांनी. कोंबड्यांच्या पाठी बघितल्या. दोघींच्या मधोमध कातडी दिसत होती, माझं लक्षच गेलं नव्हतं. वडूजहून पाच तलंगा (तरण्या कोंबड्या) आणल्या, आता आठ झाल्या. हातावर भरवणं बंद, परसाला कमरेच्या वर जाळी आणि आतून कडी. काट्यांची टोकं कानशीने घासली, रात्री, तो गप्प असताना. सकाळी मी आत जातो, कणी टाकतो, त्याच्याकडे न बघता पाणी बदलतो आणि येतो. पहिला आठवडा पंख घासत मागे यायचा. हल्ली वळसा घालून जातो. तो खांद्यावर येत नाही याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं.

काल भाचा आला होता. जाळीबाहेर उभा राहिला आणि मूठभर बाजरी आत टाकली. लवंग्याने एक दाणा उचलला, टाकला, पुन्हा उचलला आणि नव्या तलंगांना हाका मारत राहिला. पोरगं वीस मिनिटं हललं नाही.

दोघींची आई:
जाळीबाहेर उभा होता ना, मग ठीक आहे. कडी वरच्या बाजूलाही लावा, आठ वर्षांच्या मुलाचा हात खालच्या कडीला पोचतो.