काट्यावर ॲव्हरेज काढू नका

पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून पावावर आला की किलोमीटर मोजायचे आणि त्यावरून मारुती ८०० चं ॲव्हरेज १२ (लिटरला १२ किमी) धरायचं, ही काही जण सांगतात ती पद्धत मला अजिबात पटत नाही. जुन्या गाडीत टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगून काटा हलवणारा भाग) कुठे अडकेल सांगता येत नाही, आणि चढावर काटा वेगळंच दाखवतो.

टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद झालं की तिथेच थांबा. पंपवाल्याला आकडा राउंड करू देऊ नका. या गाडीची टाकी २८ लिटरची, त्यामुळे वरचा एक लिटरही हिशोब पार बिघडवतो. मग किमान ३०० किमी नेहमीसारखी चालवा आणि त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा फुल करा. ३१० किमीला १९.४ लिटर लागले तर ॲव्हरेज जवळपास १६.

पण ते ३१० तरी खरे का? झिजलेल्या टायरचा घेर कमी होतो, म्हणून मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. हायवेच्या दगडांवर किंवा जीपीएसवर एकदा पडताळून घ्या.

एवढं करूनही १२ च आलं तर कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल-हवा मिसळणारा जुना भाग असलेल्या) गाडीत आधी चोक बघा, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप. केबल जाम होऊन तो अर्धवट ओढलेला राहतो, आणि मग स्पार्क प्लग काढल्यावर टोकाला कोरडी काळी काजळी दिसते. चाकं मोकळी फिरतात का तेही बघाच. आणि हो, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) वरच्या आकड्याची दहा वर्षांपूर्वीच्या वहीशी तुलना करू नका.